लांबचा गोलपोस्ट

चेंडू जाळीत गेल्याचं सर्जेराव इंगवल्यांना आवाजावरून कळलं. ओलं धोतर झटकावं तसा तो आवाज असतो, आणि गोल जवळच्या पोस्टमध्ये झाला असेल तर पायऱ्यांवर बसूनही स्वच्छ ऐकू येतो. ते अर्धवट उठले. आरोळी घशापर्यंत आली होती. पण आजूबाजूला कुणीच ओरडलं नाही. भरलेल्या स्टेडियममध्ये मागच्या रांगेत कुणीतरी शेंगा फोडत होतं, तेवढंच ऐकू येत होतं.

"दिन्या, गेला न्हवं आत?"

"गेलाय. बस खाली," शेजारचा दिनकर अतिग्रे म्हणाला. "वरचा बघायलाय."

सर्जेराव बसले. बऱ्याच वेळानं भोंग्यातून गोड सुरावट वाजली, म्हणजे फलकावर हिरवा दिवा लागला होता. मग टाळ्या झाल्या. शाळेच्या बक्षीस समारंभात होतात तशा, नीटनेटक्या आणि लगेच संपणाऱ्या. कोल्हापूरच्या मैदानावर, आपल्या संघानं गोल मारल्यावर.

'वरचा' हे नाव लोकांनीच ठेवलेलं. पूर्वी व्हिडिओ पाहून निर्णय द्यायला बंद खोलीत माणसं बसत, आणि तीही चुकत. मग ती माणसं काढून यंत्र बसवलं. स्टेडियमच्या छताखाली गोलाकार कॅमेरे लावले. प्रत्येक खेळाडूच्या अंगावरचे सांधे, खांदा, गुडघा, घोटा, टाच, ते यंत्र एकेक बिंदू म्हणून ओळखायचं आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत शेकडो वेळा त्यांची जागा मोजायचं. चेंडूच्या पोटात एक चकती होती. चेंडूला पाय नेमका कुठल्या क्षणी लागला ते ती सांगायची. दोन्ही मापं एकत्र केली की कोण कुणाच्या पुढं होतं यात केसाएवढीही शंका उरत नसे.

इथवर सगळं ठीक होतं. पण यंत्राला सगळंच दिसतं म्हटल्यावर सगळंच तपासायचा नियम आला. गोल झाला की यंत्र मागं मागं जायचं. ज्या पासवरून चेंडू आला तो पास, त्याच्या आधीची झटापट, त्याच्याही आधीचा थ्रो. कुठंतरी कुणाचा तरी कोपर कुणाला तरी लागलेला निघायचाच. पहिल्या हंगामात लोक गोल झाल्याबरोबर नेहमीसारखे ओरडले, एकमेकांच्या गळ्यात पडले, आणि लाल दिवा लागल्यावर ओशाळून खाली बसले. असं पुन्हा पुन्हा झालं. मग लोक शहाणे झाले. आधी दिवा बघायचा आणि मग आनंद करायचा, हे त्यांना जमलं. फक्त दिवा लागेपर्यंत आनंद शिळा झालेला असायचा.

डोळस लोकांचं तेवढ्यावर भागलं. सर्जेरावांच्या हातातून मात्र खेळच निसटला, कारण त्यांच्यासाठी मॅच म्हणजे लोकांचा आवाज होता.

त्यांचे डोळे ऐन तिशीत गेले. शिरोलीच्या एका फाउंड्रीत वितळलेलं लोखंड ओतताना साचा फुटला. जीव वाचला, पण पुढं कितीतरी दिवस ते घरातून बाहेर पडले नाहीत. दार लावून भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. दिनकर त्यांचा शाळेपासूनचा दोस्त. दोघंही ढाल तालमीचे. दोघांनी तालमीच्या दुसऱ्या फुटबॉल संघातून बचावफळीत खेळून गुडघे फोडून घेतलेले. दिनकरचं स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज होतं. एका दुपारी तो तसाच ग्रीसच्या हातांनी घरात शिरला.

"उठ. नागोबा गल्लीसंगं फायनल हाय."

"मी काय बघणार, दिन्या?"

"कान गेलेत काय तुझं? चल."

मैदानावर पश्चिमेच्या पायऱ्यांवर त्यानं सर्जेरावांना बसवलं. त्यांचा डावा हात ओढून आपल्या मांडीवर उताणा ठेवला. "हे मैदान. मनगटाकडं आपल्या जवळचा गोल, बोटांकडं लांबचा. आता ध्यान दे."

आणि दिनकरचं बोट तळहातावरून पळू लागलं. तोंड त्याच्याही पुढं पळत होतं. "मंडलिकाच्या पायात. एकाला टाकलं मागं. थांबलाय, बघायलाय, नागोबा गल्लीचं दोघं अंगावर यायलेत. हाणला! कॉर्नर. सर्जा, आता मज्जा हाय." कॉर्नरवरून आलेल्या चेंडूवर राजू मंडलिकनं गर्दीतून उडी मारून डोकं लावलं आणि लांबचा गोल झाला, तेव्हा दिनकरचं नख सर्जेरावांच्या मधल्या बोटाच्या टोकात रुतलं. त्याच क्षणी सगळं मैदान फुटलं. तो आवाज छातीवर येऊन आदळला. अपघातानंतर सर्जेराव पहिल्यांदा ओरडले ते तिथं. मग रडले. दिनकर म्हणाला, "रडतोस काय लेका, जिंकलोय आपण. नाद खुळा!"

तेव्हापासून एकही हंगाम चुकला नाही. सर्जेरावांना दूध संघात टेलिफोनवर नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली, मुलगी शिकून पुण्याला गेली, बायको शालन आजारपणात गेली. तळहातावरचं मैदान तेवढं चालू राहिलं. दिनकरच्या तोंडून ऐकलेला एकेक गोल त्यांच्या डोक्यात जसाच्या तसा साठलेला होता. रिकाम्या घरात ते एकेक काढून बघत बसायचे.

पुढं देशाच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये शहराचा संघ आला, करवीर रेंजर्स. मैदानावर छत आलं आणि छताबरोबर 'वरचा' आला. टीव्हीवाल्यांना सोयीचं म्हणून भर दुपारी मॅचेस लागू लागल्या. जर्सीचा रंग दर वर्षी जाहिरातदार बदलेल तसा बदलू लागला. तालमीचं पोर त्या संघात नावाला एखादं. तरी दोघं जात राहिले. दुसरं जाणार कुठं?

पण गेल्या काही हंगामांत दिनकरचं बोलणं आखडलं होतं. चेंडू लांब गेला की तो म्हणायचा, "थांब, कळंल आता." पूर्वीच्या गर्दीत ते तिथल्या तिथं कळायचं. आता शांततेत कळायचं नाही.

दिवाळीला मुलगी अनुजा आली तेव्हा तिनं बाबांसाठी एक वस्तू आणली. कानामागं चिकटवायची, बटणाएवढी. "याचं नाव 'सोबती'. स्टेडियमचं जे यंत्र आहे ना बाबा, त्याचीच सगळी मापं यात येतात. हे ती मराठीत बोलून दाखवतं. आवाज हाडातून आत जातो, कान मोकळा राहतो. तुम्हांला कुणावर अवलंबून राहायला नको."

पहिल्या मॅचला सर्जेराव लहान मुलासारखे हरखले. आत एक बाई शांतपणे सांगत होती. सात नंबर, उजवी बाजू, चेंडू मागे. चौदा नंबरकडे पास. इतक्या वर्षांनी त्यांना मैदानावरचा प्रत्येक माणूस कुठं आहे ते कळत होतं. लाल दिवा लागायच्या आधीच ते म्हणाले, "ऑफसाइड." पुढच्या रांगेतल्या लोकांनी वळून बघितलं. त्यांना बरं वाटलं.

दिनकरचं बोट तळहातावर चालूच होतं. "नऊ नंबर घुसला बघ, दोघांच्या मधनं..."

"चौदा नंबर," सर्जेराव म्हणाले.

"हां, चौदा. हाणला जोरात, बारवरनं गेला."

"गोलकीपरनं अडवला, दिन्या. कॉर्नर आहे."

दिनकरचं बोट थांबलं. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला, आणि पुन्हा चुकला. सर्जेराव दर वेळी दुरुस्त करत गेले. पुढच्या मॅचलाही तेच. त्या मॅचच्या शेवटी लांबच्या बाजूला गोल झाला. दिनकर म्हणाला, "काय मारलाय! पार कोपऱ्यात, वाऱ्यासारखा!" आतली बाई म्हणाली, बचावपटूच्या गुडघ्याला लागून चेंडू आत गेला, स्वयंगोल.

सर्जेरावांनी हात ओढून घेतला. "दिन्या, तू खोटं सांगतोस."

"मला दिसलं ते सांगितलं."

"कुठला कोपरा? कुठला वारा? त्यांच्याच माणसाच्या गुडघ्याला लागून गेलाय. इतकी वर्षं असंच सांगत आलास काय मला? आंधळ्याला काय कळतंय म्हणून?"

"सर्जा, मला दिसलं ते..."

"मग तुला दिसतं तरी काय?"

त्याच्या गुडघ्यांचा कट् असा आवाज झाला, म्हणजे तो उठला होता. "बरं," तो म्हणाला. "ते कानातलं बरोबर सांगतंय न्हवं? ऱ्हा मग त्याच्याबरोबर." त्यानं सर्जेरावांना नेहमीप्रमाणं हाताला धरून रिक्षापर्यंत नेलं, रिक्षावाल्याला पत्ता सांगितला, आणि तो गेला. त्यानंतर तो मॅचला आला नाही. सर्जेरावांनीही फोन केला नाही.

'सोबती' वापरणाऱ्यांसाठी वेगळा कक्ष होता, सर्जेराव आता तिथं बसू लागले. उत्तम गाद्यांच्या खुर्च्या, पाण्याची बाटली, मदतीला एक मुलगी. बरोबर माणूस आणायची गरज नाही म्हणून बरोबरच्या माणसाला जागाही नाही. कक्षात प्रत्येकाच्या कानामागं आपापला आवाज होता, त्यामुळं कुणी कुणाशी बोलत नसे. एकदा गोल झाल्यावर सर्जेरावांनी हलक्या आवाजात यंत्राला विचारलं, "कसा होता?" आतल्या बाईनं अंतर सांगितलं, वेग सांगितला. "तसं नव्हे. बघायला कसा होता?" तिनं याचंही उत्तर दिलं. या हंगामातल्या गोलांच्या सौंदर्यक्रमात तो बारावा होता.

घरी आल्यावर त्यांनी चहा केला आणि तो प्यायचं विसरून गेले.

राग मात्र विझत नव्हता. अनुजानं सांगितलं होतं की लीगच्या जुन्या मॅचेसही 'सोबती' सांगू शकतो. जुन्या चित्रणात एकच कॅमेरा असायचा, पण मैदानावरच्या रेषांची लांबी ठाऊक असते, माणसाच्या हाडांची प्रमाणं ठाऊक असतात. त्यावरून यंत्र सपाट चित्रातून पुन्हा उभं आडवं मैदान रचतं आणि कोण कुठं होतं ते काढतं. तालमींच्या मॅचेसची स्थानिक केबलवाल्यांनी केलेली चित्रणंसुद्धा कुणीतरी हौसेनं त्यात घातली होती. सर्जेरावांनी ठरवलं, दिनकरचं एकेक खोटं पकडायचं.

सुरुवात त्यांनी त्या पहिल्या फायनलपासून केली. दुपारी खिडकीशी बसून ते ऐकत होते. कॉर्नर, डाव्या बाजूने. अकरा नंबर मंडलिक, गर्दीतून उडी, हेडर, गोल. सगळं दिनकरनं सांगितलं तसंच. मंडलिक चेंडू हाणण्याआधी थांबला होता, तेसुद्धा.

पुढची मॅच, त्याच्या पुढची. काही दिवस ते हेच करत राहिले. वर्षानुवर्षं एकही गोल चुकीचा निघाला नाही. उलट यंत्राला जे सांगता येत नव्हतं तेही दिनकरनं सांगितलेलं होतं, की गोलकीपरनं हातमोजा उपसून जमिनीवर आपटला, की हरलेल्या संघाचा कप्तान जाळीला धरून उभा राहिला.

मग करवीर रेंजर्स येण्याच्या थोडं आधीच्या काळात पहिली चूक सापडली. लांबच्या पोस्टमधला गोल होता. दिनकरनं सांगितलेला खेळाडू वेगळा होता. सर्जेरावांनी हूं केलं. त्याच मॅचमधले जवळच्या पोस्टमधले दोन्ही गोल तंतोतंत बरोबर निघाले. पुढच्या वर्षी पुन्हा तसंच. जवळचं सगळं खरं, लांबचं चुकलेलं. त्याच्या पुढच्या हंगामात मैदानाच्या मध्यावरचेही नंबर चुकू लागले होते. सर्जेरावांनी डावा हात उताणा केला आणि उजव्या हाताचं बोट त्यावर ठेवलं. बोटांच्या टोकांपासून चूक सुरू झाली होती आणि हंगामागणिक मनगटाकडं सरकत आली होती.

त्यांचं बोट तिथंच थांबलं. ज्याला खोटं बोलायचं असतं तो अंतर बघून बोलत नाही. हे सरकणं त्यांना ओळखीचं होतं, कारण दूध संघात त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंचे डोळे असेच हळूहळू, लांबून जवळ, गेले होते.

ते तसेच रिक्षा करून गॅरेजवर गेले. तिथं इलाही मुल्लाणी होता. दिनकरच्या हाताखाली शिकून आता तोच गॅरेज चालवत होता.

"अतिग्रे मामा? ते बंगळूरला गेले की पोराकडं. मामींना घेऊन. कायमचंच."

"इलाही, खरं सांग. त्याचे डोळे..."

इलाहीनं हातातला पाना खाली ठेवल्याचा आवाज झाला. "लई वर्सं झाली, काका. पडदा झिजत चाललाय म्हणाले होते मिरजेचे डॉक्टर. उपाय नाही. शेवटी शेवटी मामा नटबोल्ट हातानं चाचपून काम करायचे. तुम्हांला सांगायचं नाही म्हणून शपथ घातलेली त्यांनी."

"मग मॅच कशी सांगायचा तो?"

"ते म्हणायचे, लोकं ओरडत्यात त्यावरनं कळतंय. कुठल्या बाजूची लोकं, किती जोरात. तेवढ्यावर आपलं जुळवायचे. हे दिवेबिवे आल्यापासनं मात्र लई वैतागलेले. म्हणायचे, इलाही, लोकंच मुकी झाली, आता मी सर्जाला काय सांगू?"

सर्जेराव तिथल्या लाकडी बाकावर बसले. म्हणजे दोघंही एकाच आवाजाच्या आधारानं मैदानात बसत होते, आणि एकट्या दिनकरला ते ठाऊक होतं. इलाहीनं विचारलं, "चहा सांगू?" त्यांनी मानेनंच नको म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन लावला.

"बोल," पलीकडून दिनकर म्हणाला. आवाज सपाट होता. बंगळूरची रहदारी मागं वाजत होती.

"कसा आहेस?"

"ठीक. इथं कुणाशी बोलायची सोय नाही. भाषा येत नाही. बसून असतो."

"तब्येत? डोळे वगैरे?"

"डोळ्यांना काय झालंय?" दिनकर पटकन म्हणाला. "चांगलं दिसतंय की."

सर्जेरावांच्या जिभेवर सगळं आलं होतं. पहिली फायनल, बोटांची टोकं, इलाही, माफी. पण ज्यानं इतकी वर्षं ही गोष्ट दातांत धरून ठेवली, त्याच्या तोंडून ती ओढून काढायचा हक्क आपल्याला कुठून आला, असं त्यांना वाटलं. ते म्हणाले, "दिन्या, माझं ते कानातलं बिघडलंय. पुण्याला दुरुस्तीला पाठवलंय. रविवारी मॅच आहे. तू टीव्हीवर बघून सांगशील काय? फोन चालू ठेवतो मी."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"टीव्ही मागं असतंय, सर्जा. तुमच्याकडं होऊन गेलेलं असतंय."

"असू दे मागं."

"मी चुकलो तर?"

"चुकलास तर चूक. मला काय कळतंय?"

रविवारी सर्जेराव कक्षात जाऊन बसले. 'सोबती' डबीत घालून खिशात ठेवला होता. मदतनीस मुलीनं विचारलं, "काका, कानाला लावून देऊ?" ते नको म्हणाले. हातात फोन होता आणि फोनमध्ये दिनकर होता.

दिनकर आधी चाचरला. मागं टीव्हीच्या समालोचकाचा आवाज येत होता, त्यातून नावं उचलून तो जुळवत होता, हे सर्जेरावांना आता स्वच्छ ऐकू येत होतं. पण हळूहळू त्याचा जुना सूर लागला. मैदानावर जे होऊन गेलं होतं ते पाऊण मिनिटानं बंगळूरहून येत होतं. चित्र आधी उपग्रहावर जातं, तिथून कंपनीच्या यंत्रांत, आणि मग घराघरांत. वरच्याचा निकाल आता तेवढाही वेळ घेत नव्हता. त्यामुळं इथं सगळं संपून जायचं आणि मग दिनकरकडं सुरू व्हायचं.

शेवटची काही मिनिटं उरली होती. लांबच्या बाजूला काहीतरी झालं. जाळीचा आवाज इतक्या लांबून येत नाही, पण हजारो माणसांनी एकदम श्वास धरल्याचं कळतं. मग भोंग्यातून कोरडा आवाज आला. गोल रद्द. आक्रमकाची टाच पुढे. लोकांनी धरलेला श्वास सोडला. खुर्च्या करकरल्या. कुणी चिडलंसुद्धा नाही. चिडायचं कुणावर? काही लोक उठून जायला लागले, त्यांच्या चपलांचे आवाज जिन्याकडं गेले.

आणि मग फोनमध्ये दिनकरचा आवाज चढायला लागला.

"आला, उजवीकडनं आला. सर्जा, एकटाच हाय! आत घेतलाय, उचललाय, गर्दीत पडलाय..." मागं समालोचक सावधपणे म्हणत होता, निर्णयाची वाट पाहूया. दिनकर वाट बघत नव्हता. "गोल! सर्जा, गोल! गोल झालाय!" म्हाताऱ्याचा घसा फाटला. बंगळूरच्या त्या घरात कुणीतरी दचकून काहीतरी विचारलं.

सर्जेराव उठून उभे राहिले, दोन्ही हात वर केले आणि ओरडले. गोल! छातीतला सगळा वारा बाहेर जाईपर्यंत ओरडले. पुन्हा श्वास घेऊन पुन्हा ओरडले. अर्ध्या रिकाम्या झालेल्या स्टेडियममध्ये त्यांचा एकट्याचा आवाज छतापर्यंत गेला आणि परत आला. जिन्यातले पाय थांबले. आजूबाजूचे लोक वळले असणार.

मदतनीस मुलगी धावत आली. तिनं त्यांच्या कोपराला हात लावला. "काका, तो रद्द झाला. मघाशीच. लाल लागलंय."

"लागू दे," सर्जेराव म्हणाले. त्यांनी फोन कानाशी घट्ट धरला. "दिन्या, कसा घातला रे? पहिल्यापासनं सांग."

पलीकडं टीव्हीवर समालोचक काहीतरी बोलत होता, तो अचानक बंद झाला, बहुधा दिनकरनं बंद केला. मग त्यानं घसा साफ केला, आणि पार आपल्या गोलकीपरपासून सुरुवात केली.